टीव्ही बंद करण्याचा अधिकार कोणाला?



सहामाही परीक्षेचे गुण हाती आले की एक तक्रार हमखास आमच्या कानावर येते. “फादर, पोरगं टीव्हीपुढून हलतच नाही. काय करावं?” सांगणारी कधी आई असते, कधी आजी, तर कधी मामा. अलीकडे टीव्हीच्या जोडीला मोबाईल आल्यामुळे तक्रारीत त्याचीही भर पडली आहे. ही तक्रार बहुतेक वेळा पाचवी ते आठवीच्या मुलामुलींबद्दल असते. लहानग्यांना उचलून दुसरीकडे नेता येते, दहावीच्या मुलांना परीक्षेचा धाक असतो. मधली ही चार वर्षे मात्र कोणाच्याच हाती लागत नाहीत.

पालकांना उत्तर तासांत हवे असते. रोज एक तास चालेल का? सुट्टीच्या दिवशी दोन? तज्ज्ञांनी असे आकडे दिलेलेही आहेत. भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सांगण्यानुसार दोन वर्षांखालील बाळाला पडदा दाखवूच नये, २ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास आणि ५ ते १० वर्षांच्या मुलांना २ तासांहून कमी वेळ दाखवावा. दहा वर्षांनंतर मात्र हा ठरावीक आकडा संपतो. तेथून पुढे सल्ला एवढाच की झोप, अभ्यास, मैदानी खेळ आणि घरच्यांचा सहवास यांना धक्का लागणार नाही असा तोल सांभाळावा. म्हणजे नेमके पाचवीतल्या मुलापाशी आल्यावर डॉक्टर मोजपट्टी खाली ठेवतात आणि निर्णय घरावर सोपवतात.

आम्हाला ते योग्यच वाटते. या वयात प्रश्न केवळ डोळ्यांचा आणि झोपेचा राहत नाही, तो न्यायाचा होतो. सहावीतला मुलगा नाइलाजाने उठता उठता विचारतो, “मग तुम्ही का बघता?” आपण बहुधा दरडावून त्याला गप्प करतो. पण दरडावणे हे उत्तर नव्हे. जे आपण स्वतः सोडत नाही, ते मुलाला सोडायला लावण्याचा अधिकार आपल्याला आहे का? आज या प्रश्नाचा आम्ही आपल्याबरोबर विचार करू इच्छितो.

चावडीवरून घरात

टीव्हीवर अन्याय होऊ नये म्हणून आधी त्याचा थोडा इतिहास पाहू. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी केंद्र उघडले. त्या काळी या यंत्राकडे गावाचा शिक्षक म्हणून पाहिले जात होते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा मोठा प्रयोग झाला. अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही पोचला. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण शेजारच्या कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. त्यांपैकी गुलबर्गा आणि रायचूर हे तर आपल्या बीडप्रमाणेच एकेकाळी निजामाच्या राज्यातले. तीच कोरडवाहू शेती आणि तोच दुष्काळ. तेथे टीव्हीचा संच कोणाच्या घरात नव्हता, सार्वजनिक जागी होता. सकाळी शाळेची मुले कार्यक्रम पाहत आणि संध्याकाळी शेतकरी, बायाबापड्या जमत. कार्यक्रम संपला की संच बंद आणि जो तो आपापल्या घरी.

महाराष्ट्रात १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था सुरू झाली. शाळकरी मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम तयार करणे हे तिचे काम. आज चाळिशीत असलेल्या पुष्कळ पालकांना तिची आठवण असेल. २०१७ साली ती बंद झाली. पुढे २०२० मध्ये करोनामुळे शाळांना कुलपे लागली, तेव्हा सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवण्यात आली. ज्या घरात इंटरनेट नव्हते, त्या घरातही टीव्हीमुळे थोडा अभ्यास पोचला. म्हणून टीव्ही म्हणजे घरात शिरलेला शत्रू, असे आम्ही म्हणणार नाही.

मग बदलले काय? १९८७ साली ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा एका संचापुढे सारी गल्ली बसे. पुढे १९९० च्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या, १९९९ साली आजची झी मराठी ‘अल्फा मराठी’ म्हणून सुरू झाली, २००४ च्या अखेरीस दूरदर्शनची मोफत डिश सेवा आली. संच चावडीवरून ओसरीत आला, ओसरीतून आतल्या खोलीत गेला आणि मोबाईलच्या रूपाने तो आता खिशातही बसला आहे. पूर्वीच्या पाहण्याला दोन गोष्टी होत्या. त्याला शेवट होता आणि सोबत होती. आज कार्यक्रम संपतच नाही, आणि शेजारी बसलेला माणूस दुसऱ्याच पडद्यात गुंतलेला असतो.

मुलांवर नेमका काय परिणाम होतो?

मुले पाहून शिकतात, हे सांगायला विद्यापीठाची गरज नाही. तरीही १९६१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी ते तपासून पाहिले. मोठे माणूस एका फुगवलेल्या बाहुल्याला मारताना ज्या लहान मुलांनी पाहिले, ती संधी मिळताच तशीच मारू लागली. १९६३ साली त्यांनी तोच प्रकार पडद्यावर दाखवून पाहिला आणि परिणाम तसाच दिसला. आपल्याकडे १९९७ ते २००५ या काळात दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ ही मालिका लोकप्रिय होती. तिची नक्कल करताना मुलांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या, आणि असे काही करू नका हे त्याच मालिकेतून मुलांना सांगावे लागले.

पाचवी-आठवीतली मुले गिरकी घेऊन उडायला जात नाहीत, तेवढे त्यांना कळते. त्यांची नक्कल अधिक सूक्ष्म असते. घरातल्या घरात टोमणे कसे मारावेत, श्रीमंत माणूस कसा चालतो, हुशार मुलगी कशी दिसते, गोरेपणाला किती किंमत आहे, भांडण कसे जिंकावे, हे सारे ती पाहत असतात. कोणी शिकवत आहे याची त्यांना जाणीवही नसते.

दुसरा परिणाम याहून मोठा आहे, पण तो चटकन दिसत नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डोंगरांमुळे एका गावात १९७३ पर्यंत टीव्हीचे प्रक्षेपण पोचत नव्हते. संशोधकांनी गावाचे खरे नाव न सांगता त्याला ‘नोटेल’ म्हटले. टॅनिस मॅकबेथ विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीव्ही येण्याआधी आणि आल्यानंतर दोन वर्षांनी त्या गावाची पाहणी केली. शाळेच्या मैदानावर मुलांची मारामारी आणि शिवीगाळ वाढली होती. आधी तेथील मुले नवनव्या कल्पना सुचवण्यात इतर गावांच्या पुढे होती, ती आघाडी गेली. गावातल्या सभा-समारंभांना आणि खेळांना येणाऱ्यांची संख्याही घटली, आणि त्यांत मोठी माणसेही होती.

या शेवटच्या गोष्टीकडे आम्ही आपले लक्ष वेधतो. टीव्हीने मुलाला काय दिले, एवढेच आपण तपासतो. त्याने घरातून काय उचलून नेले, हे पाहायचे राहून जाते. दिवस चोवीस तासांचाच असतो. संध्याकाळचे दोन तास पडद्याकडे गेले, तर ते कोठून तरी आलेले असतात. झोपेतून येतात, खेळातून येतात, वाचनातून येतात, आणि सर्वात जास्त घरातल्या बोलण्यातून येतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील पाच राज्यांतील कुटुंबांचा २००१ ते २००३ या काळातील अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. ज्या खेड्यांत केबल टीव्ही आला, तेथे बायकोला मारणे योग्य आहे असे मानणाऱ्या स्त्रिया कमी झाल्या, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला आणि लहान मुलांचे शाळेत जाणे काही प्रमाणात वाढले, असे त्यांना आढळले. पडद्यावर वेगळे घर, वेगळी स्त्री पाहिल्याने आपल्या घराकडे पाहण्याची नजर बदलते. म्हणून ‘टीव्ही फोडून टाका’ हा उपाय अन्यायाचा ठरेल. वाद टीव्ही असावा की नसावा हा नाही. तो केव्हा बंद व्हावा आणि कोणी करावा, हा आहे.

डोळे मिटले, कान उघडे

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत ऑगस्टिन यांच्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथाशी आमची ओळख झाली. त्याच्या सहाव्या भागात त्यांच्या अलीपियस नावाच्या मित्राची हकिगत येते. अलीपियस कायदा शिकायला रोमला गेला. तेथे आखाड्यात माणसे एकमेकांना ठार मारत आणि हजारो लोक तो खेळ पाहत. अलीपियसला त्याचा तिटकारा होता. एके दिवशी मित्रांनी त्याला ओढत नेले. तो बसला, पण त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. एका क्षणी जमावाने मोठा आरडाओरडा केला, कुतूहलाने त्याचे डोळे उघडले, आणि त्या दिवसापासून तो स्वतःच इतरांना तेथे घेऊन जाऊ लागला. पुढे तो त्यातून सुटला आणि बिशप झाला, पण ती फार नंतरची गोष्ट.

सोळाशे वर्षांपूर्वीच्या या हकिगतीत आपल्या घरातली संध्याकाळ दिसते. बहुतेक घरांत बसायची, जेवायची आणि झोपायची खोली एकच असते. मोठ्यांची मालिका चालू असते आणि मुलाला सांगितले जाते, “तू भिंतीकडे तोंड करून अभ्यास कर.” म्हणजे आपण त्याला डोळे मिटायला लावतो आणि कान उघडे ठेवतो. शिकून शहाणा झालेला अलीपियस जे करू शकला नाही, ते बारा वर्षांच्या मुलाने करावे अशी आपली अपेक्षा असते. त्याला ते जमले नाही की आपण म्हणतो, “याचं लक्षच लागत नाही.”

प्लेटोने ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात एक प्रश्न उपस्थित केला आहे. कोवळ्या वयात कानावर पडलेल्या गोष्टी मनात घट्ट बसतात, तर मग त्या कोणी सांगाव्यात याबद्दल नगर बेफिकीर कसे राहू शकते? त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल याने पुढचे सांगितले. सद्गुण उपदेशाने येत नाही, सवयीने येतो. वीणा वाजवून माणूस वादक होतो, तसा संयम पाळून तो संयमी होतो. या दोघांचे म्हणणे एकत्र केले तर एक अडचण समोर येते. मुलाला संयम शिकायचा आहे, पण तो पाळताना त्याने कोणाला पाहिलेलेच नाही. ‘टीव्ही बंद कर’ हे वाक्य त्याने शंभरदा ऐकले आहे. मोठ्या माणसाने आपल्या आवडीचा कार्यक्रम मध्येच बंद केलेला त्याने कितीदा पाहिला आहे?

वडगावचा भोंगा

या प्रश्नाला महाराष्ट्रातल्याच एका गावाने उत्तर दिले. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. करोनाच्या काळात मुलांच्या हाती अभ्यासासाठी मोबाईल आले. शाळा उघडल्या तरी ते हातातून सुटेनात. शिक्षकांनी पाहिले की मुलांचे अभ्यासात लक्ष लागत नाही. घरात पाहावे तर मोठी माणसेही टीव्ही आणि मोबाईलमध्ये गुंतलेली. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने महिलांच्या ग्रामसभेत हा विषय मांडला गेला. ठराव झाला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून तो अमलात आला. संध्याकाळी ७ वाजता गावातील मंदिरावरचा भोंगा वाजायचा. त्यानंतर दीड तास सर्व घरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचावे किंवा एकमेकांशी बोलावे. ८ वाजून ३० मिनिटांनी पुन्हा भोंगा वाजला की सारे मोकळे.

सुरुवातीला काहींनी हे हसण्यावारी नेले. मग आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले, लोकांना समजावले आणि हळूहळू गाव राजी झाले. पुढे आपल्या मराठवाड्यातील उमरगा तालुक्याच्या जकेकूरवाडीनेही संध्याकाळी ६ ते ८ अशी वेळ ठरवून घेतली.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बान्सी या गावाने वेगळा ठराव केला. त्यांनी १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी घातली. दोन्ही गावांचा हेतू चांगला, दोन्हींची काळजी खरी. पण नैतिकदृष्ट्या दोन्ही ठराव सारखे नाहीत. बान्सीचा ठराव मुलांसाठी होता. वडगावचा भोंगा सर्वांसाठी वाजत होता. त्या दीड तासात ‘मग तुम्ही का बघता?’ हा प्रश्न मुलाच्या मनात उठण्याचे कारणच उरत नाही. कान्ट या जर्मन तत्त्वज्ञाने सांगितले आहे की नियम करताना माणसाने स्वतःला त्यातून वगळू नये. वडगावच्या बायांनी ते आचरून दाखवले.

ही सक्ती नाही का?

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप असा की मोठ्यांना काही गोष्टींची मोकळीक असतेच. बाप ट्रॅक्टर चालवतो, म्हणून बारा वर्षांच्या पोराच्या हाती तो कोणी देत नाही. मग टीव्हीच्या बाबतीत बरोबरी कशाला? आक्षेप योग्य आहे, पण त्यातले कारण तपासू. ट्रॅक्टर बापाच्या हाती दिला जातो, कारण तो त्याला आवरता येतो. टीव्हीपुढे मोठ्यांना मोकळीक हवी असेल तर तिचेही कारण हेच असले पाहिजे की त्यांना तो आवरता येतो. आणि हे सिद्ध करण्याचा मार्ग एकच आहे. वेळ झाली की उठून तो बंद करणे. ज्याला बंद करता येत नाही, त्याची मोकळीक वयाने मोठी असली तरी तिचा आधार मुलाच्या हट्टाहून वेगळा नाही.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. दिवसभर राबून आलेल्या माणसाने संध्याकाळी काय पाहावे, हे गावाने का ठरवावे? जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८५९ साली लिहिले की, माणसाच्या स्वतःच्या भल्यासाठीसुद्धा समाजाने त्याच्यावर सक्ती करू नये, दुसऱ्याचे नुकसान होत असेल तरच करावी. हे तत्त्व मुलांना लागू नाही, असेही त्याने तेथेच स्पष्ट केले आहे. आता एका खोलीचे घर डोळ्यांपुढे आणा. तेथे चालू असलेला टीव्ही ही एकट्याची खासगी बाब राहते का? आवाज मुलाच्या वहीपर्यंत पोचतो, उजेड त्याच्या अंथरुणापर्यंत पोचतो. मिलच्या कसोटीवरही ती गोष्ट दुसऱ्याला लागणारी ठरते. शिवाय वडगावात बाहेरच्या कोणी हुकूम सोडलेला नव्हता. लोकांनी एकत्र बसून स्वतःवर नियम घालून घेतला होता. आपणच घातलेला नियम पाळणे यालाही स्वातंत्र्यच म्हणतात.

तेव्हा मूळ प्रश्नाचे आमचे उत्तर असे: मुलाचा टीव्ही बंद करण्याचा अधिकार मोठ्यांना आहे. पण तो वयाने आपोआप मिळत नाही. मुलाबरोबर आपलाही बंद करून, आणि बंद केल्यानंतर त्याच्यापाशी बसून, तो रोज कमवावा लागतो.

ज्या घरात आईवडीलच नाहीत

येथे लेख संपवता आला असता, पण आपण दिंद्रुडला राहतो. आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जातात, कोणी कर्नाटकात. पुढचे पाच-सहा महिने फडात आणि कोपीवर जातात. काही मुले बरोबर जातात आणि त्यांची शाळा बुडते. काही हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावात राहतात. पुष्कळशी आजी-आजोबांजवळ राहतात. योगायोग पाहा, मोहित्यांचे वडगाव ज्या सांगली जिल्ह्यात आहे, तो उसाचाच मुलूख. भोंग्याचा नियम ज्या जिल्ह्यात निघाला, तेथील फडांत आपली माणसे ऊस तोडत असतात, आणि त्यांची मुले इकडे गावात टीव्हीपुढे बसलेली असतात.

या घरांना कोणत्या तोंडाने सांगावे की आईवडिलांनी मुलापाशी बसावे? आजीला दिसते कमी, पुस्तक वाचता येत नाही. संध्याकाळ झाली की घर खायला उठते. टीव्हीवरची माणसे तिच्याशी बोलत नसली तरी घरात कोणी बोलते आहे एवढा तरी दिलासा तिला मिळतो. नातवालाही मिळतो. अशा घरातला टीव्ही चैनीसाठी नसतो, सोबतीसाठी असतो. तो काढून घ्यायचा असेल, तर त्याच्या जागी सोबतच द्यावी लागेल. नुसता नियम त्या घरावर लादणे हा अन्याय आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाचा संदेश टीव्ही आणि कुटुंब याच विषयावर दिला होता. मुलांना सांभाळणारी दाई म्हणून टीव्हीचा वापर करणारे पालक आपली जबाबदारीच सोडून देतात, असे त्यात सुचवले आहे. आम्ही त्याला दिंद्रुडपुरती एक जोड देऊ. जे पालक पोटासाठी दूर गेले आहेत, त्यांनी जबाबदारी सोडलेली नाही. ती तात्पुरती आपल्यावर, गावात राहिलेल्या माणसांवर आली आहे. शेजारच्या घरात सातवीतली मुलगी रात्री साडेदहापर्यंत एकटी पडद्यापुढे बसत असेल, तर त्यात तिच्या आजीचा दोष थोडा आणि भिंतीपलीकडे राहणाऱ्या आपला दोष अधिक, असे आम्हाला वाटते. वडगावचा खरा धडाही हाच आहे. तो एका घराने पाळलेला नियम नव्हता, गावाने पाळलेला होता. एकट्या घराला जे झेपत नाही, ते दहा घरांना मिळून झेपते.

मग करायचे काय?

आम्ही भोंगा वाजवा असे म्हणत नाही. आपल्याला पुढील गोष्टी सहज करता येतील.

१. संध्याकाळी ७ ते ८.३० ही वेळ घरातील सर्वांनी टीव्ही आणि मोबाईलविना काढावी. दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत, म्हणजे ऊसतोडीच्या हंगामात, ती विशेष पाळावी. मालिका चुकली तर फार बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी ती बहुधा पुन्हा दाखवतात.

२. फडावर असलेल्या आईवडिलांचा फोन आला तर तो या नियमाबाहेर. उलट मुलांनी त्यांच्याशी पोटभर बोलावे. ज्या यंत्रामुळे तुटलेले घर थोडा वेळ जोडले जाते, ते त्या वेळी बंद असता कामा नये.

३. ज्या घरात आजी-आजोबा आणि नातवंडेच आहेत, तेथील मुलांना शेजारच्या दोन घरांनी वाटून घ्यावे. एकाच ओसरीवर चार मुले अभ्यासाला बसली की सोबतही होते. आजीला बाजूला बसवावे. मुलांनी धडा मोठ्याने वाचावा आणि आजीने ऐकावा. ज्या गोष्टी तिला येतात, त्या कोणत्याही वाहिनीवर लागत नाहीत.

४. टीव्ही पाहायचा तेव्हा मुलांबरोबर पाहावा आणि मधून मधून विचारावे. या माणसाने असे का केले? तू त्याच्या जागी काय केले असतेस? ही जाहिरात कोणाला काय विकते आहे? पाचवी ते आठवीच्या मुलांना वाद घालायला आवडते. त्यांच्या या आवडीचा असा उपयोग करून घ्यावा. साइटच्या खेड्यांत पाहणे चारचौघांत होत असे, ते आपण घरात परत आणू शकतो.

५. क्रिकेटचा महत्त्वाचा सामना असेल त्या दिवशी नियम मोडायचा की नाही, हे मुलांना बरोबर घेऊन आधीच ठरवावे. ठरवण्यात भाग मिळाला की पाळण्यातही मिळतो.

येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर पाचवी ते आठवीच्या मुलामुलींचे पालक आणि आजी-आजोबा यांनी थोडा वेळ थांबावे, अशी विनंती आहे. कोणाच्या ओसरीवर किती मुले बसतील, एवढेच त्या वेळी ठरवू. मुलांनाही बरोबर थांबू द्यावे. त्यांनी “मग तुम्ही का बघता?” असे विचारले, तर त्या दिवशी कोणी त्यांना दरडावू नये.

आपले धर्मगुरू